गाडी उभी होती

२४ ऑक्टोबर

प्रिय वाल्देमार,

तू, सूनबाई आणि नोएमी खुशाल असाल असं धरून चालते. मी ठीक आहे. गुडघा तसाच दुखतो, पण तो आता घरचाच झालाय, त्याची तक्रार कुणाकडे करायची? कोंबड्या चार राहिल्या. पाचवी कोल्ह्यानं नेली. निदान कुणीतरी जेवायला आलं होतं म्हणायचं.

अक्षर बघून विचारात पडला असशील. हे फेर्नांदु लोहाराच्या इदालिनाचं अक्षर. शाळेत तुझ्या दोन वर्षं मागे होती ती. तिची वेणी तू शाईच्या दौतीत बुडवली होतीस, ते ती अजून विसरलेली नाही. आता ती बेकरीची व्हॅन चालवते आणि डोंगरातल्या अकरा गावांना पाव पोचवते. आपल्या गावात पाव घेणारी दारं उरलीत नऊ. सगळे दाराच्या कडीला पिशवी टांगून ठेवतात, ती पिशवीत पाव टाकते आणि पुढे जाते. मी पिशवी टांगत नाही. हातात पाव द्यायचा तर माणसाला गाडीतून उतरावं लागतं, दोन शब्द बोलावे लागतात.

(काकू, हे मला आज कळतंय. – इदालिना)

तिला म्हटलं, तू लिहायचं काम कर, मधे बोलू नकोस.

फोन का नाही केला, असं विचारशील. फोनवर तू 'हं' म्हणतोस. त्या 'हं'ला काय उत्तर द्यावं ते मला अजून सापडलेलं नाही. पत्र तरी शेवटपर्यंत वाचावं लागतं.

तर बातमी अशी, की मागच्या मंगळवारी दुपारी बाबांच्या गाडीला अपघात झाला. घाबरू नकोस, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. गाडी फाटकाजवळ उभी होती. इदालिना वळणावरून आली, रस्त्यावर ओली पानं होती, व्हॅन घसरली आणि आदळली. आपल्या गाडीचं नाक आत गेलं, एक दिवा फुटला. व्हॅनचं दार चेपलं आणि चाळीस पाव रस्त्यावर आले. कोंबड्यांना वाटलं, स्वर्ग म्हणतात तो हाच.

मग इदालिनानं तो निळा कागद काढला. तुला ठाऊकच आहे, टक्कर झाली की दोन्ही बाजूंनी मिळून, न भांडता भरायचा. सलोख्याचं निवेदन म्हणतात त्याला. ज्या दोन माणसांना या घडीला एकमेकांचं तोंड बघायचं नसतं त्यांनाच सलोखा लिहायला बसवतात. सरकारलाही विनोद कळतो कधीकधी.

"फाटकाच्या खांबावर ठेवून भरू, काकू."

"खांब डुगडुगतो. आत चल, कॉफी टाकते."

"अहो, जागेवरच भरायचा असतो."

"जागा काय पळून जातेय? इतकी वर्षं तिथेच आहे."

दीड तास लागला भरायला. कॉफी दोनदा झाली, वर चीज आणि भोपळ्याचा जॅम. त्या कागदात चित्र काढायला एक मोठी चौकट असते. इदालिनानं व्हॅन काढली ती गाभण डुकरिणीसारखी दिसते. लिहिता येत नाही त्यांच्यासाठी बाजूला बारीक चौकटी असतात, जे घडलं त्याच्यापुढे फुली मारायची. फुल्या मला येतात. पहिलीच चौकट 'गाडी उभी होती.' ती फुली मी माझ्या हातानं मारली. खाली अंगठा लावला.

दोन दिवसांनी बसनं तालुक्याला गेले, विम्याच्या आबिलियुसाहेबांकडे. तुला आठवत असतील, बाबांबरोबर पत्ते खेळायचे आणि हरायचे. आता चष्मा जाड झालाय आणि माणूस बारीक. त्यांनी कागद पाहिला.

"वहिनी, पॉलिसी एर्मिनियुच्या नावावर आहे."

"हो."

"त्याचं निधन झाल्याचं तुम्ही कंपनीला कळवलंच नाहीत?"

"तुम्ही मयतीला आला होतात की. मला वाटलं, तुम्ही सांगाल."

साहेबांनी फाईल उघडली. हप्ता बँकेतून आपोआप जातो ना, मेलेल्या माणसाचाही जातो. मग म्हणाले, गाडी मयताच्या नावावर, तेव्हा भरपाई वारसांना मिळणार. वारस किती? म्हटलं दोन, एक तुमच्यासमोर बसलाय आणि एक लक्झेंबर्गला. दोघांच्याही सह्या लागतील म्हणाले. म्हणजे माझा अंगठा आणि तुझी सही. तुला स्वतः यावं लागेल, त्यांच्यासमोर सही करायला. महिनाभराची मुदत आहे.

तेव्हा ये. अकरा नोव्हेंबरच्या सान मार्तिन्यूच्या सणापर्यंत आलास तर चेस्टनट मिळतील. तुझ्यासाठी राखून ठेवलेत असं नाही, झाडाखाली पडलेतच, वेचायला कुणी नाही. यंदाची वाइन शेजारच्या गावातून मागवते. तू दोन वर्षं ऑगस्टमध्ये आला नाहीस, त्याबद्दल मी काही बोलत नाही. सहीचं बोलते आहे.

पोरीला सांग, तिची आजी चांगली आहे. फ्रेंचमध्ये सांग, म्हणजे खोटं वाटणार नाही.

तुझी,
आई


५ नोव्हेंबर

प्रिय वाल्देमार,

तुझं पत्र पोचलं. तीन ओळी होत्या. इदालिनानं वाचून दाखवलं आणि मग कागद उलटून पाहिला, मागे काही राहिलं असेल म्हणून. मी म्हटलं, पोरी, तो पहिल्यापासून मोजून बोलतो, बापावर गेलाय.

'कागद पाठव, सही करून टपालानं परत करतो,' असं लिहिलंयस. टपालानं चालत नाही रे. साहेबांनी स्पष्ट सांगितलंय. समोर बसून सही करावी लागते. नियम मी केलेला नाही.

इकडे परवा विम्याचा सर्व्हेअर येऊन गेला. तरुण माणूस, बूट इतके स्वच्छ की माझ्या अंगणाची मला लाज वाटली. आधी आपल्या गाडीभोवती फिरला, मग इदालिनाच्या व्हॅनभोवती, मग परत गाडीभोवती. फोटो काढले. फाटकापासून रस्त्यापर्यंत पावलं मोजली. मग कागदावरचं चित्र बघितलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"बाई, ही व्हॅन तुमच्या गाडीवर येऊन आदळली?"

इदालिना म्हणाली, "हो."

"पुढचा भाग शाबूत आहे आणि दार चेपलंय. म्हणजे तुमची व्हॅन खेकड्यासारखी आडवी चालते का?"

"पानांवरून घसरली. घसरली की आडवी होतेच."

"आणि गाडी फाटकाच्या आत उभी होती, की बाहेर?"

दोघींनी एकदम उत्तर दिलं. ती म्हणाली बाहेर, मी म्हणाले आत. मग मी त्याला विचारलं, कोबीचं सूप घेणार का, गरम आहे. घेतलं त्यानं, दोन वाट्या. पण जाताना वहीत काहीतरी लिहीत होता, आणि सुपाबद्दल लिहीत नव्हता.

त्याची आई व्हिसेऊला असते, तीही एकटीच. मी विचारलं, कितीदा जातोस? म्हणाला, काकू, कामाचं फार असतं. मी म्हटलं, मग तिला एक गाडी घेऊन दे, कुणीतरी ठोकेल, तू तपासायला जाशील. हसला नाही. तुम्हा शिकलेल्या मुलांना असल्या गोष्टींचं हसू येत नाही.

बाबांची गाडी अजून का ठेवलीय, असं तू लिहिलंयस. खरं म्हणजे तीन ओळींपैकी एक त्यातच गेली. त्या शेवटच्या ऑगस्टात तू ओरडलास की बाबांना समोरचं झाड दिसत नाही, गाडी विका, नाहीतर कुणाला तरी मारतील. ते म्हणाले, झाड दिसत नाही पण मूर्ख दिसतो. तू किल्ली खिशात घातलीस आणि लक्झेंबर्गला घेऊन गेलास. तुझं बरोबर होतं. त्यांची दुसरी किल्ली पिठाच्या डब्यात होती, आणि तू गेल्यावर दुसऱ्याच रविवारी ते चर्चच्या भिंतीला घासून आले. तुला कुणी कळवलं नाही. मीच नको म्हटलं.

(वाल्देमार, काकू इथे उठून अंगणात गाडीपाशी जाऊन आल्या. मी दुसऱ्या गावांना उशीर करून थांबले. – इ.)

हे मी सांगितलं नव्हतं, तिनं आपल्या मनानं घातलं. राहू दे.

गाडी ठेवलीय कारण ती अंगणात बरी दिसते. बास. तू ये, सही कर, मग वाटलं तर भंगारात घाल. मी अडवणार नाही.

तुझी,
आई


१४ नोव्हेंबर

वाल्देमार,

अक्षर बदललं म्हणून म्हातारी गेली असं समजू नकोस. हे आबिलियुसाहेब लिहितायत, त्यांच्या ऑफिसात बसून, त्यांच्याच कागदावर. वर कंपनीचा छाप आहे तिकडे बघू नकोस, तुझ्याकडे हप्ता मागत नाहीये. त्यांचं अक्षर इदालिनासारखं नाही, पण ते मधे काही घालत नाहीत. सवय आहे त्यांना, लोक सांगतात ते लिहून घ्यायची.

सणाच्या दुसऱ्या दिवशी पावाची व्हॅन आली, पण भोंगा निराळाच वाजला. आत एक परका माणूस होता. उतरला नाही. काचेतून हात काढून पाव फाटकावरून आत फेकला आणि गेला. मी ओरडून विचारलं, इदालिना कुठे? तो म्हणाला, तिला गाडीवरून काढलंय. बेकरीच्या मालकानं सांगितलंय, चूक तिची ठरली तर परत गाडी नाही, आत भट्टीवर रात्रपाळी. तिला दोन मुलं आहेत आणि नवरा बोटीवर असतो. रात्री मुलांजवळ कोण निजणार?

म्हणून मी आज पहिल्या बसनं इथे आले. आबिलियुसाहेब कुलूप काढत होते. मी म्हटलं, तो निळा कागद बाहेर काढा. त्यावरची पहिली फुली खोटी आहे.

गाडी उभी नव्हती. मी तिच्यात बसले होते.

रोज जेवणानंतर बसते. पावणेदोन वर्षं झाली. बाबांच्या जागेवर नाही, माझ्याच, त्यांच्या उजवीकडच्या. काच लावून ठेवली की आत अजून त्यांच्या तंबाखूचा वास राहतो. घरात खुर्ची एक मोकळी दिसते, तिच्याकडे बघत जेवावं लागतं. गाडीत मी पुढे बघते, जशी नेहमी बघायचे, आणि शेजारची जागा डोळ्यांसमोर येत नाही. एवढाच फरक. उतारावर त्यांचा हात हँडब्रेकवर असायचा, आणि मला भीती वाटली की मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवायचे. ते म्हणायचे, "आता ब्रेक कुणी लावायचा, तू की मी?" त्या मंगळवारी माझा हात तिकडे गेला. अंगठ्याखालचं बटण दाबलं गेलं असणार. चाकाखालचा दगड मीच सकाळी पानं झाडताना बाजूला केला होता. पुढचं सगळं गाडीनं केलं. फाटकातून बाहेर पडलो आम्ही, गाडी आणि मी, आणि इदालिनाच्या दारावर जाऊन थांबलो.

ती पोरगी धावत आली, मला बाहेर काढलं, माझे हातपाय चाचपले. म्हणाली, "काकू, तुमच्याकडे परवाना नाही, गाडीत बसला होतात म्हटलं तर हे लोक तुम्हाला छळतील. मी ठोकली म्हणू. बेकरीचा विमा भरेल, कुणाचं काय जातंय?" मी नको म्हणाले होते. खरंच म्हणाले होते, एकदा. मग इथे साहेबांनी दोन वारसांच्या सह्या हव्यात असं सांगितलं, आणि त्यानंतर मी नको म्हणायची थांबले.

तुला यावंच लागतं असं साहेबांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तिथल्या आपल्या वकिलातीत सही करून टपालानं पाठवली तरी चालते. ते आत्ता हेच लिहिताना माझ्याकडे चष्म्यावरून बघतायत. बघू देत. त्यांच्या नावावर मी तुला दोनदा खोटं सांगितलं.

तर आता नवा कागद झाला. मी परवान्याचं विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही चालवत नव्हता. गाडी सुटली आणि तुम्ही आत होता. तसंच लिहू, कारण तसंच आहे." चूक आपल्या गाडीची. इदालिनाच्या व्हॅनचं आपला विमा देईल, आपल्या गाडीला काही मिळणार नाही. बेकरीच्या मालकाला त्यांनी माझ्यासमोर फोन केला. सोमवारपासून इदालिना परत गाडीवर. ती माझ्यावर चिडली आहे म्हणे. तिला मी खोटं पाडलं ना. येईल भांडायला, कॉफी टाकीन.

इथे थांबले असते तर पत्र बरं झालं असतं. साहेबांनी पेनाला टोपण घातलंही होतं. मी त्यांना ते काढायला लावलं.

बाबा अकरा दिवस अंथरुणाला होते. तू आलास तेव्हा माती होऊन दोन दिवस झाले होते. तू अंगणात उभं राहून मला एकच विचारलंस, त्यांनी माझं नाव काढलं का? मी सांगितलं, नाही, झोपेतच गेले. तू बॅगसुद्धा न उघडता परत गेलास.

त्यांनी काढलं होतं. पहिल्या दिवशी म्हणाले होते, किल्ली घेऊन तो आपणहून येईल तेव्हा येईल, त्याला बोलवायचं नाही. ते मी ऐकलं. पण शेवटच्या गुरुवारी, संध्याकाळी, मी त्यांना सूप भरवत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "वाल्देमार आला?" मी म्हटलं, "निघालाय." तू तिकडे कामावर होतास, तुला कशाचा पत्ताही नव्हता. फोन माझ्या हाताशी होता. नोएमीनं तुझ्या नावाच्या बटणावर नखांच्या लाल रंगाचा ठिपका लावून दिला होता, आजीला सापडावं म्हणून. ते दाबायला अक्षर यावं लागत नाही. शुक्रवारी त्यांनी परत विचारलं, आणि मी म्हटलं, "गाडी स्पेनमध्ये शिरली असेल." त्यांनी सांगितलं, अंगणातला दिवा लावून ठेव. मी लावला. शनिवारी पहाटे ते गेले.

दोन दिवस त्यांनी तुझी वाट पाहिली, वाल्देमार, आणि तू येणार नाहीस हे घरात फक्त मला माहीत होतं.

का नाही केला फोन? पावणेदोन वर्षं मी स्वतःला सांगतेय, त्यांनी मना केलं होतं म्हणून. पण ती अट त्यांनी गुरुवारीच सोडली होती. मी नाही सोडली. त्या ऑगस्टपासून तू एकदाही फोन केला नव्हतास, आणि मला वाटत होतं, आधी त्यानं करावा. बापाचा हट्ट, लेकाचा हट्ट, असं गावभर सांगत फिरले मी. सगळ्यात मोठा कुणाचा होता ते कुणी विचारलं नाही.

साहेब म्हणतायत, "वहिनी, हेही पाठवायचं?" मी म्हटलं, गाडीचं तुमच्या फायलीत राहील. हे पाठवण्यासाठीच पत्र आहे.

आता तुझ्या सहीची कुणाला गरज नाही. भरपाई नाही म्हणून वारस नकोत. गाडी नावावर करायचं कधीतरी बघावं लागेल, तेही टपालानं होतं, साहेब सगळं पाठवतील. तुला इथे यायला लावील असा एकही कागद माझ्याकडे उरलेला नाही. महिनाभर होता, तो आज सकाळी माझ्याच हातानं रद्द केला.

रागावशील. रागावायलाच हवं. तिकडे बसून रागावलास तर मला कळेल, पण ऐकू येणार नाही. इथे येऊन रागाव. दारं आपट, नावं ठेव, जेवू नकोस, चालेल. तुझ्या बाबांनी काय विचारलं, कुठल्या आवाजात विचारलं, उशीवर मान कुठल्या बाजूला होती, ते सगळं मला पाठ आहे, आणि ते ऐकण्याचा हक्क फक्त तुझा आहे. ते मी कुणाला लिहायला सांगणार नाही.

पावणेदोन वर्षांपूर्वी जिनं तुला बोलावलं नाही,
आणि आज काही काम नसताना बोलावते आहे,

ती तुझी आई,
देओलिंदा